हाती आलेला पैसा आपला केव्हा होतो?

मंडळी, "आज रोख, उद्या उधार" ही पाटी आपण सर्वांनी कुठल्या ना कुठल्या दुकानात वाचली आहे. पाटी लावणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला, नोट गल्ल्यात पडली, व्यवहार संपला. पण गिऱ्हाईक दोनशे कोसांवर बसले असेल तर? त्याने माल पाहिलेला नाही, आपण त्याला पाहिलेले नाही. मग आधी माल जायचा की आधी पैसा यायचा? आणि पैसा आला, तरी तो कायमचा आला असे केव्हा म्हणायचे?

प्रश्न जुना आहे, पण आज तो नव्याने आपल्या अंगणात आला आहे. समजा, कन्हानमधल्या एखाद्या बचत गटाने सावजी मसाल्याची पाकिटे मोबाइलवरून विकायला काढली. पाकिटाला 200 रुपये. पुण्याहून 12 पाकिटांची मागणी आली, कार्डावरून 2400 रुपये भरले गेले, दोन दिवसांनी ते गटाच्या खात्यात दिसले. माल गेला. सगळ्यांना आनंद. चाळीस दिवसांनी मात्र निरोप येतो की, गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली आहे, सबब 2400 रुपये परत वळते करण्यात आले आहेत. याला चार्जबॅक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर उलटवसुली. आता गणित बघा. एका पाकिटाला मिरची, खडा मसाला, भाजणावळ, वेष्टन मिळून 160 रुपये खर्च आला आणि 40 रुपये सुटले असे धरू. बुडाले 12 पाकिटांचे 1920 रुपये. ते भरून काढायला आणखी 48 पाकिटे विकली पाहिजेत, आणि त्या 48 पाकिटांचा नफा घरी यायचाच नाही. टपालखर्च वेगळा. दाव्यापोटी पैसे वसूल करून देणारी कंपनी काही शुल्क कापत असेल, तर तेही वेगळे.

"हा कुठला न्याय?" असे कोणीही विचारील. तो न्याय कुठून आला हे समजले, तर त्यापासून बचाव कसा करायचा हेही समजते. त्यासाठी फार लांब जायला नको. कन्हानचा पूल ओलांडून कामठीला गेले तरी पुरे.

इंग्रजांनी 1821 साली नदीकाठी कामठीची छावणी वसवली. छावणीमागून बाजार आला आणि बाजारामागून पेढ्या आल्या. बन्सीलाल अबीरचंद ही नावाजलेली पेढी कामठीचीच. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा याच पेढीचे. 1867 साली नागपूरला आगगाडी पोचली आणि पुढे व्यापाराचा ओघ तिकडे वळला. पण त्याआधी आणि त्यानंतरही या पेढ्यांचे मोठे काम म्हणजे हुंडी. रोकडीच्या थैल्या बैलगाडीवर घालून चोराचिलटांच्या रस्त्याने कोण नेणार? त्यापेक्षा इथल्या पेढीत रुपये भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती मुंबईच्या पेढीवर दाखवून तिथे रुपये घ्यायचे. या सोयीबद्दल जो बट्टा पडे ती हुंडणावळ. परदेशी नाण्याच्या भावाला आपण अजून हुंडणावळच म्हणतो, तो शब्द इथला.

हुंडी लिहिण्याची तऱ्हा मोठी मजेची होती. शंभर रुपये लिहायचे तर अंकांत शंभर, अक्षरांत शंभर, शिवाय "याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट पूर्ण द्यावी" असा मजकूर. कोणी एकावर एक शून्य वाढवले तर निमे जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. शाळेत निमपट-दुपटीची उदाहरणे शिकवताना गुरुजींनी हा दाखला मुलांना जरूर द्यावा. गणित हे पैशाचे कुलूप कसे होते, हे त्यांना एका ओळीत कळेल.

हुंडीचे प्रकार अनेक. दाखवताच पैसे मिळण्याची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळण्याची ती मुदती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची मात्र शाहजोग हुंडी. या हुंडीचे पैसे फक्त शाहाला द्यायचे असत. शाह म्हणजे बाजारात ज्याची पत आहे, ज्याची पेढी सर्वांना ठाऊक आहे असा सावकार. समजा, कोणी अनोळखी माणूस हुंडी घेऊन मुंबईला उतरला. त्याला थेट पैसे मिळायचे नाहीत. त्याने एखाद्या शाहाला गाठावे, शाहाने हुंडी पुढे करावी, पैसे शाहाच्या हाती पडावेत. आणि उद्या ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर? पैसे देणारी पेढी त्या अनोळखी माणसाला शोधत फिरत नसे. ती शाहाकडे जाई आणि म्हणे, "आमचे रुपये व्याजासह परत करा, नाहीतर लबाडी करणारा माणूस आमच्यापुढे उभा करा." मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकात ही वहिवाट मान्य केली. 1881 साली चेक आणि हुंड्यांसारख्या चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या वहिवाटींना त्याने हात लावला नाही.

म्हणजे पाहा, दिलेला पैसा उलटा वसूल करण्याची रीत अमेरिकेतून आली असे समजण्याचे कारण नाही. अनोळखी माणसांच्या व्यवहारात मध्ये एक ओळखीचा, पतवान मनुष्य उभा राहतो. नुकसान पहिल्याने त्याच्या अंगावर येते आणि तो ते आपल्यामागच्या माणसावर टाकतो. म्हणूनच शाह कोणाचीही हुंडी घेत नसे. तू कुठला, हुंडी कोणी दिली, कोणत्या मालापोटी दिली, हे विचारून तो वहीत टिपून ठेवी. ती टीप हेच त्याचे चिलखत.

आता बिल्टीकडे वळू. 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा तिचा मार्ग कामठी सोडून कन्हान नदी ओलांडतो. वॅगनने माल जाऊ लागला तसा रेल्वेच्या पावतीला, म्हणजे बिल्टीला, भाव आला. बिल्टी ज्याच्या हाती त्याला माल. मग विकणाऱ्याने युक्ती काढली. माल गाडीत चढवायचा, पण बिल्टी गिऱ्हाइकाला न धाडता त्याच्या गावच्या बँकेकडे धाडायची. गिऱ्हाईक बँकेत पैसे भरील तेव्हा त्याने बिल्टी सोडवून घ्यावी. 1930 च्या मालविक्रीच्या कायद्याने रेल्वेपावतीला मालाच्या हक्काच्या कागदांत बसवले. गिऱ्हाइकाचे दिवाळे वाजले आणि पैसे यायचे राहिले असतील, तर माल वाटेतच अडवण्याचा हक्कही विकणाऱ्याला दिला. पण हे वखारवाल्यांचे झाले. चार पाकिटे विकणाऱ्याला कोण बँक विचारणार?

त्याला विचारले पोस्टाने. 1877 साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली. पार्सल पोस्टमन घेऊन जाणार, त्यावर लिहिलेली रक्कम घेणार, मगच पार्सल हाती देणार आणि रक्कम विकणाऱ्याला पोचती करणार. खुद्द विलायतेत देशांतर्गत टपालाला ही सोय 1926 साली मिळाली, म्हणजे आपल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी! पुस्तके, बियाणे, औषधे, घड्याळे, काय काय या वाटेने खेड्यात आले. "व्ही. पी. सोडवून घेतली" आणि "व्ही. पी. परत आली" हे दोन वाक्प्रचार जुन्या पिढीच्या तोंडी होते, आणि त्यांतला दुसरा उच्चारताना पुस्तकवाल्याचा चेहरा उतरत असे, कारण जाण्यायेण्याचे टपाल त्याच्याच माथी बसे. आज दारात पैसे देण्याच्या बोलीवर माल मागवून "नको" म्हणणारे गिऱ्हाईक हे त्याच घराण्यातले.

व्ही. पी. तही लबाडी शिरलीच. मागणी नसताना पार्सल पाठवायचे, घरच्यांनी भाबडेपणाने पैसे द्यायचे आणि आत निघायची रद्दी. यावर 1898 च्या पोस्ट कायद्यातल्या व्ही. पी. च्या कलमांत दोन तरतुदी दिसतात आणि दोन्ही आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. एक अशी की, खरोखरची मागणी आल्यावरूनच हे पार्सल पाठवीत आहे असे निवेदन पाठवणाऱ्याकडून घेता येईल. दुसरी अशी की, फसवणुकीच्या प्रकरणात वसूल केलेली रक्कम रोखून ठेवून ती पार्सल घेणाऱ्याला परत करण्याचे नियम सरकारला करता येतील. तो कायदा 18 जून 2024 रोजी नव्या पोस्ट कायद्याने बाजूला झाला. पण तोवर उलटवसुली आपल्या पोस्टाच्या कायद्यात होती, आणि तिच्या शेजारीच विकणाऱ्याच्या बचावाचे साधनही होते: मागणीचा पुरावा.

चेकबद्दल थोडक्यात. चेक न वटणे हा 1 एप्रिल 1989 पासून फौजदारी गुन्हा झाला, एवढे पुरे. चेक वटेपर्यंत माल सोडू नये, हे दुकानदाराला कायद्याने शिकवावे लागले नाही.

कार्डाचा काळ आला तो अमेरिकेतून. तिथे 1974 साली कायदा झाला आणि कार्डाच्या बिलातल्या चुकीच्या, न मिळालेल्या मालाच्या रकमेवर हरकत घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. त्याच साली विलायतेच्या कायद्यानेही कार्ड देणाऱ्याला विकणाऱ्याबरोबर जबाबदार धरले. कार्डाच्या कंपन्यांनी आपापल्या नियमांत यासाठी मुदती घातल्या. पुष्कळ प्रकारांत ती 120 दिवसांपर्यंत असते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी ठरवून दिले की, तिऱ्हाइताच्या लबाडीने खात्यातून पैसे गेले आणि खातेदाराने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस नाही. हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. ज्याचे कार्ड चोरट्याने वापरले त्या म्हाताऱ्या पेन्शनराने का सोसावे? पण तोशीस हवेत विरत नाही. गिऱ्हाइकाची बँक ती विकणाऱ्याच्या बँकेकडे ढकलते आणि ती बँक शाहाप्रमाणे मागे वळून आपल्या बचत गटाकडे पाहते.

म्हणून गटानेही शाहासारखेच वागायला हवे. तक्रारी तीन तऱ्हेच्या असतात, हे आधी लक्षात घ्या: "ही खरेदी मी केलीच नाही", "माल आला नाही", आणि "आला तो सांगितल्यासारखा नव्हता". प्रत्येकीला निराळा कागद लागतो. तिसरीला पहिलीचा कागद दाखवून भागत नाही.

पहिलीचे पाहू. इथे मौज अशी की, पुष्कळदा गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. त्याने मसाला घेतला गटाच्या नावाने, आणि बँकेच्या उताऱ्यावर नाव उमटले गटाच्या अध्यक्षबाईंचे किंवा कुठल्या तरी कंपनीचे. महिन्याभराने तो उतारा वाचतो, "हे कोण बुवा?" म्हणतो आणि तक्रार ठोकतो. यावर उपाय फुकटचा आहे. पाकिटावर, बिलावर आणि बँकेच्या उताऱ्यावर एकच नाव येईल अशी व्यवस्था करून घ्या, आणि पैसे मिळताच त्या नावाने गिऱ्हाइकाला पोच धाडा. खऱ्या चोरीच्या कार्डाविरुद्ध आपल्या देशात एक आडकाठी आहे. 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला पासवर्डाची दुसरी खूण लागते. आज ती बहुधा मोबाइलवरच्या आकड्याची असते. अशी खूण पटवून झालेल्या व्यवहारात विकणाऱ्याची बाजू पुष्कळ बळकट होते. परदेशी कार्डावर ही खूण असेलच असे नाही. तेव्हा परदेशातून अचानक मोठी मागणी आली, तीही "आजच्या आज पाठवा" अशा घाईने, तर आधी फोन करून माणूस कोण ते विचारावे. खरे गिऱ्हाईक रागवत नाही.

दुसऱ्या तक्रारीला उत्तर एकच, पोच. टपालाची किंवा कुरियरची पावती, पार्सल कुठे पोचले ते दाखवणारा क्रमांक, घेणाऱ्याची सही. पण पोच कोणत्या पत्त्याची? पैसे भरताना दिलेल्या पत्त्याची. लबाडाची आवडती चाल अशी की, पैसे भरून झाल्यावर तो फोन करतो, "ताई, मी गावाला आलोय, पार्सल या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा ना." ताईंनी पाठवले की त्यांच्या हातातला पुरावा गेला. अशा वेळी जुनी मागणी रद्द करावी, पैसे परत करावेत आणि नव्या पत्त्याने नवी मागणी नोंदवायला सांगावे. कटकट वाटते खरी, पण 48 पाकिटांची कटकट त्याहून मोठी आहे.

तिसरी तक्रार टाळायची तर मालाचे वर्णन खरे हवे. वजन, तिखटपणा, केव्हा तयार केला, किती दिवस टिकेल, परत घेणार की नाही, हे सारे मागणीच्या आधी गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे. पार्सल बांधताना आत काय ठेवले त्याचे मोबाइलवर चित्रण करा, काट्यावर ठेवून वजन दाखवा, त्यावरचा पत्ताही चित्रात येऊ द्या. आणि चूक आपलीच असली, पाकीट फुटलेले निघाले, तर वाद न घालता पैसे परत करा, दावा येण्याआधीच करा. मात्र पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले पाहिजेत. कार्डाने आलेले पैसे कोणी "माझ्या या दुसऱ्या नंबरावर टाका" म्हणाला, तर टाकू नका. तुम्ही तिकडे टाकाल, तो इकडे बँकेत तक्रार करील, आणि एकाच मालाचे पैसे दोनदा जातील. "चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा" म्हणणाऱ्याची जातही तीच.

एवढे करूनही दावा आला, तर सर्वांत घातक गोष्ट म्हणजे गप्प बसणे. दाव्याला उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात. किती, ते पैसे वसूल करून देणाऱ्या कंपनीच्या करारात लिहिलेले असते. करार इंग्रजीत असतो आणि तो कोणी वाचत नाही. गावातल्या शिक्षकांनी एवढे एक काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मुदतीत उत्तर गेले नाही, तर दावा कबूल असे धरले जाते. उत्तरात रागाचे शब्द नकोत. मागणी केव्हा आली, पैसे केव्हा आले, माल केव्हा गेला, केव्हा पोचला, या चार तारखा आणि त्यांचे चार कागद जोडावेत. वाचणारा बँकेतला कारकून आपल्याला ओळखत नाही, तो कागद ओळखतो. उत्तर फेटाळले गेले तर पुढची पायरी असते, पण तिचा खर्च दोन-अडीच हजारांच्या दाव्याला परवडण्यासारखा नसतो. तिथे सोडून देण्यात शहाणपण आहे.

एप्रिल 2016 मध्ये यू.पी.आय. ची योजना जाहीर झाली आणि चहाच्या टपरीवरही चौकटी-चौकटींचे ते चित्र येऊन बसले. इथे पैसे देणारा आपल्या पिनने स्वतः पैसे ढकलतो. त्यामुळे "मी केलेच नाही" ही तक्रार टिकवणे त्याला कठीण जाते. माल न मिळाल्याची तक्रार मात्र इथेही होऊ शकते. शिवाय दोन नवे धोके आहेत. एक, पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखवणे. त्यावर विश्वास न ठेवता आपल्या खात्यात रक्कम आली का ते स्वतः पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे.

दुसरा धोका विकणाऱ्याच्या चुकीवाचून येतो. कोणा लबाडाने तिसऱ्याच माणसाला फसवून पैसे मिळवले आणि त्यांतून आपल्याकडे मसाला घेतला. फसलेल्या माणसाने 1930 या क्रमांकावर तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, आणि तो माग आपल्या खात्यापर्यंत आला. आपली रक्कम, कधी कधी सबंध खाते, अडकून पडते. हे अनेक राज्यांतल्या लहान दुकानदारांच्या वाट्याला आले आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 साली अशा प्रकरणांत, वादातली जेवढी रक्कम आहे तेवढीच रोखावी, सबंध खाते नव्हे, असा आदेश दिला. पण कोर्टापर्यंत जायची वेळ येऊ नये. बँकेत जाऊन कोणत्या ठाण्याच्या, कोणत्या क्रमांकाच्या तक्रारीवरून रक्कम रोखली ते लेखी मागावे. मग त्या ठाण्याला आणि बँकेला एकच अर्ज करावा आणि सोबत मागणी, बिल, पार्सलची पावती, पोच जोडावी. अर्ज नेताना दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.